वीस मैलांना तीन दिवस

३ ऑक्टोबर १८२८ रोजी मुंबई सरकारने मुंबईच्या सुप्रीम कोर्टाच्या न्यायमूर्तींना एक पत्र धाडले. तेव्हा गव्हर्नर होते सर जॉन माल्कम. मुंबई बेटाबाहेर राहणाऱ्या एतद्देशीय रयतेवर किंवा मुफस्सल, म्हणजे बेटाबाहेरच्या, न्यायालयांच्या अधिकाऱ्यांवर कोर्टाने हेबिअस कॉर्पसचे रिट काढले, तर त्याला ‘रिटर्न’ केला जाणार नाही, असे सरकारने ठरवल्याचे त्यात कळवले होते. रिटर्न म्हणजे उत्तर. अमुक माणसाला का कोंडून ठेवले आहे, या कोर्टाच्या प्रश्नाला कोंडणाऱ्याने लेखी दिलेले उत्तर. सरकारने मुदत वाढवून मागितली नव्हती. उत्तर द्यायचेच नाही, असा निश्चय केला होता.

या कोर्टात तीन न्यायमूर्ती असत. मुख्य न्यायमूर्ती सर एडवर्ड वेस्ट ऑगस्टमध्येच वारले होते. पत्र आले त्याच महिन्यात सर चार्ल्स चेंबर्सही गेले. उरले एकटे सर जॉन पीटर ग्रँट. त्यांच्यापुढे मोरो रघुनाथ या पुण्यातल्या कोवळ्या मुलाचे प्रकरण आले. पेशव्यांच्या नात्यातले पांडुरंग रामचंद्र यांनी त्याला घरात अडकवून ठेवले आहे, अशी तक्रार होती. ग्रँटनी रिट काढले. सरकारने ते पुण्यात अमलात येऊ दिले नाही. उत्तर आले नाही आणि मुलगाही कोर्टापुढे उभा राहिला नाही. १ एप्रिल १८२९ रोजी ग्रँटनी कोर्टाचे दरवाजेच बंद केले: आपल्या हुकमाला उत्तर मिळत नसेल, तर कोर्ट चालवण्यात अर्थ नाही, ही त्यांची भूमिका होती. वाद लंडनला प्रिव्ही कौन्सिलपुढे गेला. त्याच वर्षी निर्णय झाला आणि तो सरकारच्या बाजूने झाला. पुण्यातल्या माणसाला जाब विचारण्याचा अधिकार मुंबईच्या कोर्टाला नाही, असे ठरले.

मोरो रघुनाथाचे नाव आज कायद्याच्या विद्यार्थ्यांपलीकडे फारसे कोणाला ठाऊक नाही. पण रिट याचिकेत शासनाच्या वतीने दाखल होणारे प्रत्येक ‘अॅफिडेव्हिट इन रिप्लाय’ त्या न आलेल्या रिटर्नचे वंशज आहे. सत्तेने कधी बोलायचे, किती दिवसांत बोलायचे, आणि बोललीच नाही तर काय, हे तीन प्रश्न तेव्हाचेच आहेत.

ग्रँट ज्या इंग्रजी कायद्याच्या परंपरेतून न्याय करत, तिथे या प्रश्नांना आकड्यांत उत्तरे होती. चार्ल्स दुसऱ्याच्या काळात, १६७९ साली, इंग्लंडच्या पार्लमेंटने हेबिअस कॉर्पस कायदा केला. कैद्याला ठेवलेली जागा वीस मैलांच्या आत असेल, तर रिट हाती पडल्यापासून तीन दिवसांत कैद्यासह उत्तर द्यायचे. वीस ते शंभर मैलांना दहा दिवस. शंभर मैलांच्या पुढे वीस दिवस. उत्तर चुकवणाऱ्या अधिकाऱ्याला पहिल्या वेळी शंभर पौंड दंड, आणि तो सरकारजमा न होता थेट कैद्याला द्यायचा. दुसऱ्या वेळी दोनशे पौंड आणि पदावर राहण्यास कायमची अपात्रता. घोड्याच्या पायांनी मोजलेली ही मुदत आहे. कागद आणि कैदी न्यायला जितका वेळ लागेल तितकाच द्यायचा, विचार करायला वेगळा वेळ नाही. माणसाला कोंडताना कारण माहीत असलेच पाहिजे, मग ते सांगायला विचार कसला करायचा? या साध्या युक्तिवादाला साडेतीनशे वर्षांत कोणी खोडून काढलेले नाही.

आपल्याकडची जुनी शास्त्रेही उत्तराच्या मुदतीचा बारकाईने विचार करतात. कौटिल्याच्या अर्थशास्त्रात प्रतिवादीला तीन किंवा सात रात्रींची सवलत आहे. त्यानंतर तीन ते बारा पण (त्या काळचे नाणे) दंड, आणि तीन पंधरवडे उलटूनही उत्तर नसेल तर दावा त्याच्याविरुद्ध जातो. वादीला मात्र प्रतिवादीच्या उत्तरावर त्याच दिवशी बोलावे लागते, कारण तक्रार घेऊन येणाऱ्याची तयारी आधीच झालेली असते. याज्ञवल्क्य आणखी पुढे जातो. बळजबरी, चोरी, मारहाण-शिवीगाळ, गाय, प्राणावर बेतलेला प्रसंग, स्त्रीविषयीचा तंटा, अशा बाबतींत उत्तर तत्काळ घ्यायचे. एरवी मुदत न्यायसभेच्या मर्जीवर. मुदत ठरवताना काय पणाला लागले आहे ते पाहायचे, हे तत्त्व त्या एका श्लोकात आले आहे. दावणीची गाय कोणी सोडून नेली, तर दूध रोज जाते. महिनाभराने आलेल्या उत्तराचा गायीच्या मालकाला उपयोग नसतो.

मराठेशाहीत अग्रवादी (वादी) आणि पश्चिमवादी (प्रतिवादी) आपापली तकरीर लिहून देत. मग जामीन, साक्षी, महजर. तो सगळा व्यवहार रयतेच्या आपसातल्या तंट्यांचा. सरकारलाच प्रतिवादी करून ठरल्या दिवशी त्याचे म्हणणे मागायचे, ही रीत रिटाबरोबर आली.

आली, पण बेटापुरती. १४ ऑगस्ट १८६२ रोजी सुप्रीम कोर्टाच्या जागी मुंबई उच्च न्यायालय आले. १८७७ च्या विनिर्दिष्ट अनुतोष कायद्याच्या कलम ४५ ने सरकारी अधिकाऱ्याला त्याचे कर्तव्य करायला लावण्याचा हुकूम देण्याची सोय केली, तीही मुंबई, कलकत्ता आणि मद्रास या इलाखा-शहरांपुरती. मुंबईतल्या व्यापाऱ्याला पोलीस कमिशनरकडून उत्तर मागता येई. पुण्यातल्या किंवा नाशकातल्या माणसाला कलेक्टरकडून तसे मागता येत नसे. २६ जानेवारी १९५० रोजी संविधानाचा अनुच्छेद २२६ अमलात आला तेव्हा ही वेस मोडली. गावकुसाबाहेरचा शेतमजूरसुद्धा आता मामलेदाराला, जिल्हाधिकाऱ्याला, मंत्रिमंडळालाही उच्च न्यायालयात खेचून आणू शकत होता. न्यायिक पुनर्विलोकनाचा, म्हणजे सरकारी निर्णय न्यायालयाने तपासून पाहण्याचा, खरा प्रसार तिथून सुरू झाला.

या अनुच्छेदाने अधिकार भरभरून दिला. उत्तर किती दिवसांत यावे, याचा मात्र आकडा त्यात घातला नाही. तो न्यायमूर्तींच्या तोंडी आदेशावर राहिला. ‘रूल. रिटर्नेबल चार आठवडे.’ मुंबई उच्च न्यायालयात बोर्डावरच्या प्रकरणाचा पुकारा झाला की हे शब्द आजही कानावर पडतात, आणि त्यातल्या ‘रिटर्नेबल’मध्ये १६७९ चा रिटर्न अजून जिवंत आहे. शब्द प्रांतागणिक बदलतात. मुंबईत प्रतिवादीच्या उत्तराला अॅफिडेव्हिट इन रिप्लाय म्हणतात, दिल्लीत काउंटर अॅफिडेव्हिट. कलकत्त्यात प्रतिवादी देतो ते अॅफिडेव्हिट इन ऑपोझिशन, आणि तिथे ‘इन रिप्लाय’ म्हणजे त्यावर याचिकाकर्त्याने दिलेले प्रत्युत्तर. मुंबईचा वकील कलकत्त्याचा निकाल वाचताना इथे हमखास एकदा अडखळतो. महाराष्ट्रातल्या तालुका कोर्टांनी या सगळ्याला सर्वात सुंदर शब्द ठेवला आहे: म्हणणे. ‘सामनेवाल्याने म्हणणे द्यावे.’ त्याहून नेमके काय सांगणार?

दिवाणी दाव्यात मुदतीचा धाक तरी आहे. १ जुलै २००२ पासून लेखी कैफियतीला तीस दिवस, आणि कारणे नोंदवून फार तर नव्वद, असा नियम झाला. २००५ मध्ये कैलाश विरुद्ध नन्हकू या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने हा नव्वदचा आकडा पोलादी नाही, अपवादात्मक परिस्थितीत पुढे जाता येते, असे सांगितले. त्याच वर्षी मोटोरोला आणि इरिडियम यांच्या वादात, मुंबई उच्च न्यायालयाच्या मूळ शाखेला स्वतःचे नियम असल्यामुळे हा आकडा तिथे लागूच होत नाही, असेही ठरले. रिट याचिकेला तर दिवाणी संहितेची ही चौकटच नाही. १९७६ च्या दुरुस्तीने संहितेच्या कलम १४१ ला स्पष्टीकरण जोडून अनुच्छेद २२६ खालची कामे त्यातून वगळली. हेतू चांगला होता. नागरिकाचा हक्क तांत्रिकतेत अडकू नये, न्यायालयाचा हात मोकळा राहावा. मोकळा हात दोन्ही बाजूंना वळतो, हा त्यानंतरचा अनुभव.

इंग्लंडने आपल्या न्यायिक पुनर्विलोकनाला आकडे देणे सोडले नाही. १९७७ च्या सुधारणेनंतरच्या नियमांत प्रतिवादीच्या प्रतिज्ञापत्राला छप्पन्न दिवस होते. २००० सालच्या नियमांत ते पस्तीस झाले, त्याआधी एकवीस दिवसांत नुसती पोच आणि विरोधाचा गोषवारा. आपल्याकडेही केंद्रीय प्रशासकीय न्यायाधिकरणाच्या १९८७ च्या नियमांत उत्तराला एक महिना दिलेला आहे. आकडा ठरवणे अशक्य आहे, असे कोणी म्हणू शकणार नाही.

मग वेळ कुठे जातो? एका साध्या प्रकरणाचा प्रवास पाहिला तर कळते. गडहिंग्लज किंवा शिरूरसारख्या तालुक्यातली जमीन आहे. फेरफार रद्द झाला आणि खातेदाराने रिट केले. याचिकेची प्रत सरकारी वकील कार्यालयात येते. तिथून पत्र मंत्रालयात महसूल विभागाला. कक्ष अधिकारी नस्ती उघडतो आणि जिल्हाधिकारी कार्यालयाकडून ‘परिच्छेदनिहाय अभिप्राय’ मागवतो. जिल्ह्याकडून प्रांताला, प्रांताकडून तहसीलदाराला. मूळ कागद तलाठ्याच्या दप्तरात. तहसीलदार मराठीत शेरे लिहितो: परिच्छेद ३ मधील मजकूर मान्य नाही, परिच्छेद ४ हा अभिलेखाचा भाग आहे. कागद त्याच वाटेने उलटा चढतो. सहायक सरकारी वकील त्यावरून इंग्रजी मसुदा करतात, मसुदा मंजुरीला जातो, दुरुस्त होऊन येतो. मग तहसीलदार मुंबईला येतो आणि प्रतिज्ञापत्र करतो. पूर्वी हिरवट लेजर कागदावर, आता पांढऱ्या ए-फोरवर. पहिल्या ओळीत नाव, वय, हुद्दा, कार्यालय, शेवटी सत्यापन, खाली सही, शिक्का, आणि मजकूर मराठीत समजावून सांगितल्याची नोंद. माणूस मराठीत विचार करतो, दप्तर मराठीत आहे, उत्तर इंग्रजीत द्यायचे आहे. त्या एका भाषांतरातही दिवस जातात आणि कधी कधी अर्थही.

मैलांची जागा आता टेबलांनी घेतली आहे. ऑगस्ट २०२५ मध्ये कोल्हापूरला उच्च न्यायालयाचे सर्किट बेंच सुरू झाले, त्यामुळे गडहिंग्लजच्या तहसीलदाराचा मुंबईचा प्रवास वाचला. नस्तीचा प्रवास त्याने किती कमी होतो, ते यापुढे दिसेल.

उत्तर लवकर लिहिणे सोपे नाही, हेही प्रामाणिकपणे सांगायला हवे. दाव्यातली कैफियत म्हणजे नुसते म्हणणे. पुरावा नंतर, साक्षीत. रिट याचिकेत बहुधा साक्षी-तपासणी होत नाही. १९८८ मध्ये भरतसिंह विरुद्ध हरियाणा राज्य या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने हा फरक स्पष्ट केला: रिटात प्रतिज्ञापत्रातच वस्तुस्थिती मांडायची आणि तिथेच पुरावाही जोडायचा. जे खोडले नाही ते मान्य धरले जाऊ शकते. म्हणजे तहसीलदाराचे दहा पानी प्रतिज्ञापत्र हेच शासनाचे म्हणणे, तीच साक्ष आणि तोच दप्तराचा उतारा. घाईत चूक झाली तर ती शासनाला भोवते.

चुकीची किंमत काय असते, हे फार लवकर, १९५१-५२ मध्येच, मुंबईच्या दोन प्रकरणांत दिसले. दोन्ही निकाल न्यायमूर्ती व्हिव्हियन बोस यांनी लिहिले. ते सर्वोच्च न्यायालयात येण्यापूर्वी नागपूर उच्च न्यायालयाचे मुख्य न्यायमूर्ती होते. पहिले प्रकरण अंधेरीच्या सिनेमागृहाचे. गोरधनदास भानजी यांना जुलै १९४७ मध्ये पोलीस कमिशनरांनी सिनेमागृह बांधायची परवानगी दिली आणि सप्टेंबरात ती रद्द झाली. रद्द करणाऱ्या पत्रात लिहिले होते की, सरकारच्या आदेशावरून कळवण्यात येते. कायद्याने हा अधिकार कमिशनरांचा होता, सरकारचा नव्हे. कोर्टात आल्यावर कमिशनरांच्या प्रतिज्ञापत्राचा आधार घेऊन असे दाखवण्याचा प्रयत्न झाला की, निर्णय वास्तविक त्यांचाच होता. बोस यांनी तो धुडकावला. जाहीर हुकूम त्यातल्या शब्दांवरून वाचायचा. तो काढणाऱ्याच्या मनात काय होते, हे नंतर सांगून त्याचा अर्थ बदलता येत नाही. १९७७ च्या अखेरीस, फिरोजपूरच्या फेरमतदानाच्या मोहिंदरसिंग गिल प्रकरणात, न्यायमूर्ती कृष्ण अय्यर यांनी याच निकालाचा आधार घेतला आणि तत्त्व पक्के केले: हुकमात नसलेली कारणे प्रतिज्ञापत्रातून मागाहून भरता येणार नाहीत.

मुदतीच्या प्रश्नाला हे तत्त्व थेट भिडते. कारणे हुकमाच्या दिवशीच ठरलेली असली पाहिजेत, तर ती कागदावर उतरवून कोर्टात द्यायला महिनोन्‌महिने का लागावेत? दप्तर शोधायला वेळ द्यावा, भाषांतराला द्यावा. कारणे शोधायला वेळ मागण्याचा हक्क मात्र गोरधनदासांच्या सिनेमागृहाबरोबरच संपला.

दुसरे प्रकरण पुरुषोत्तम जोग नाईक यांच्या स्थानबद्धतेचे, १९५२ सालचे. तिथे सरकार जिंकले, पण गृह खात्याच्या सचिवांच्या प्रतिज्ञापत्रावर बोस यांनी बोट ठेवले. काही गोष्टी सचिवांना स्वतःला ठाऊक होत्या, तरी सत्यापनात सगळेच ‘माहिती व विश्वासाप्रमाणे’ खरे म्हटले होते. असले ढिसाळ सत्यापन एखाद्या प्रकरणात प्रतिज्ञापत्रच फेटाळायला पुरेसे ठरेल, अशी ताकीद त्यांनी दिली. स्वतः काय पाहिले, दप्तरावरून काय कळले आणि ऐकून काय ठाऊक आहे, हे वेगळे सांगायचे, हा धडा आज प्रत्येक प्रतिज्ञापत्राच्या शेवटच्या परिच्छेदात उतरलेला असतो.

उत्तराची वाट पाहणे कोणाला परवडते, हे अंतरिम आदेशावर ठरते. १३ जुलै १९८१ रोजी मुख्यमंत्री अ. र. अंतुले यांनी मुंबईतील पदपथांवर राहणाऱ्यांना हटवून गावी परत पाठवण्याची घोषणा केली. ऐन पावसाळा होता. प्रकरण आधी उच्च न्यायालयात गेले, तिथे १५ ऑक्टोबरपर्यंत झोपड्या न पाडण्याचे ठरले. मग ओल्गा टेलिस आणि इतरांच्या याचिका सर्वोच्च न्यायालयात गेल्या. राज्याच्या वतीने एका अवर सचिवाने उत्तर दिले: कोणालाही जबरदस्तीने शहराबाहेर पाठवायचे नव्हते, ज्यांनी लेखी इच्छा दाखवली त्यांनाच जवळच्या रेल्वे स्थानकापर्यंत वाहन आणि पुढच्या प्रवासाचे भाडे दिले. महापालिकेच्या वतीने आयुक्तांनी वेगळे प्रतिज्ञापत्र केले. निकाल आला १० जुलै १९८५ रोजी, मूळचे पुण्याचे सरन्यायाधीश यशवंतराव चंद्रचूड यांच्या घटनापीठाचा. उपजीविकेचा हक्क जगण्याच्या हक्कात येतो, हे त्याने सांगितले, आणि पदपथावरच्या झोपड्या ३१ ऑक्टोबर १९८५ पूर्वी हटवू नयेत असे बजावले, कारण तोवर पावसाळा संपलेला असतो. त्या कागदांत शासनाचे म्हणणे नीट नोंदले गेले, म्हणूनच न्यायालय त्याला तोलू शकले. सगळ्या घरांवर हातोडा पडण्याआधी उत्तर मागितले गेले, यातच त्या माणसांची चार वर्षे वाचली.

स्थगिती नसलेल्या याचिकाकर्त्याची गोष्ट उलटी असते. निवृत्तिवेतन थांबलेला शिक्षक, परीक्षेला बसू न दिलेली मुलगी, जातीचा दाखला अडकलेला उमेदवार. यांच्या प्रकरणात ‘उत्तरासाठी शेवटची संधी’ असा आदेश दोनदा-तीनदा झाला, की शैक्षणिक वर्ष संपते, भरती उरकते. शासनाला न बोलताच हवे ते मिळते. १८२८ मध्ये मुंबई सरकारला आपण उत्तर देणार नाही, हे उघडपणे पत्र लिहून सांगावे लागले होते.

संविधानाने या समस्येच्या एका टोकाला हात घातला आहे. १९७६ च्या बेचाळिसाव्या दुरुस्तीने दुसऱ्या बाजूला न ऐकता दिलेल्या अंतरिम आदेशाला चौदा दिवसांची मर्यादा घातली. चव्वेचाळिसाव्या दुरुस्तीने १९७९ पासून ती तरतूद बदलून अनुच्छेद २२६ चा आजचा खंड (३) आणला: न ऐकता दिलेली स्थगिती उठवण्यासाठी शासनाने अर्ज केला, तर न्यायालयाने तो दोन आठवड्यांत निकाली काढायचा, नाही तर स्थगिती आपोआप संपते. शासनाची अडचण दोन आठवड्यांची मानली गेली आणि न पाळल्यास काय, तेही लिहिले गेले.

नागरिकाच्या बाजूने तेवढेच मागणे रास्त आहे. कोठडी, घर, वेतन आणि प्रवेश यांच्या प्रकरणांत तारीख देतानाच उत्तराचे दिवस आदेशात लिहावेत, आणि उत्तर न आल्यास अंतरिम दिलासा कोणता मिळेल तेही त्याच आदेशात लिहावे. अनुच्छेद २२६ च्या मजकुरात आठवड्यांची मुदत एकदाच येते, खंड (३) मध्ये. प्रतिवादीने उत्तर किती दिवसांत द्यायचे, याचा त्यात आजही उल्लेख नाही.